शिवलेला हातमोजा

"आई, पाय पांघरुणात घे," इक्सिराक आजोबा आठ वर्षांच्या नातीला म्हणाले. तिला त्यांच्या आईचं नाव ठेवलं होतं; ज्याचं नाव, त्याचंच नातं. म्हणून ती त्यांची आई.

"खरं घडलेलं सांगा हं. मागच्यासारखं गंडवू नका."

"खरंच आहे. माझ्या पुतण्याचं, ताकोलिकचं."

गेल्या वर्षीची चौदा नोव्हेंबर. सूर्य तीनच दिवसांपूर्वी मावळला होता, तो आता जानेवारीअखेर उगवणार. ताकोलिक उन्हाळ्यात दगडांखाली ठेवलेलं वॉलरसचं मांस आणायला गोठलेल्या समुद्रावरून बेटावर निघाला. तिथे कुणी राहत नाही. पूर्वेला काळा कडा, मधे गोठलेलं तळं, पश्चिमेला समुद्रात घुसलेली खडीची लांब जीभ.

"मुक्काम करू नकोस," बायको म्हणाली. तिचे दिवस भरले होते.

पण वाऱ्याने त्याला त्या जिभेवरच अडवलं. बर्फ पार खरवडून गेलेला. तंबूची कड दाबायला दगड हवे होते आणि कडा लांब. समोर जुन्या माणसांच्या तंबूचं वर्तुळ होतं, दगड जिथल्या तिथे. ते हलवायचे नसतात, हे आपलं शेंबडं पोरही जाणतं. त्याने अकरा उचलले.

"सकाळी परत ठेवतो," तो मोठ्याने म्हणाला.

दगडाने हातमोज्याचा अंगठा फाटला. मोजा उशाशी टाकून तो आडवा झाला.

रात्री सव्वाअकराला वारा थांबला.

खडीवर पावलं. एक फेरी... दुसरी...

"ताकोलिक," बाईचा आवाज. "किती उशीर केलास. घरी ये ना..."

त्याला आठवलं, आपलं नाव कुणाचं. आईकडच्या पणजोबांचं. ते याच जिभेवरून शिकारीला गेले. परतले नाहीत. पणजी इथल्याच तंबूत वाट बघत गोठली.

ओ घशापर्यंत आली. नावाने तो तिचा नवराच होता. पण ओ दिली, तर गावातली बायको...?

त्याने ओठ चावला. रक्त आलं.

पावलं थांबली. अगदी उशाशी.

...

"मग?" नात कुजबुजली.

"सकाळी तंबूची कड मोकळी पडली होती. अकराही दगड वर्तुळात परत. तो मांस तिथेच सोडून पळाला. बाळ जन्मायच्या आत पोहोचला."

आजोबांनी खिशातून एक हातमोजा काढला.

"त्याला हा घरात नको होता."

अंगठा शिवलेला होता. कॅरिबू हरणाच्या कंडरेचा दोरा, बारीक टाके. असा दोरा आता गावात कुणी वापरत नाही. पूर्वीच्या बायका तो तोंडात भिजवून शिवायच्या.

नातीने टाक्यांवर बोट ठेवलं. झटकन मागे घेतलं.

दोरा अजून ओला होता.