पाहुणा उठेपर्यंत

माझा नवरा बेकरीची गाडी चालवायचा. सकाळी पाव पोचवायचे आणि दुपारच्या जेवणाला घरी यायचं, हा त्याचा शिरस्ता. पोटात कावळे ओरडत असले की गल्लीच्या तोंडापासूनच हॉर्न वाजवत यायचा. त्या दिवशी सकाळपासून धुकं उतरलं होतं. जेवणाची वेळ टळून गेली तरी हॉर्न नाही. मी सूप पुन्हा पुन्हा गरम केलं, विनाकारण शेगडीवर चिडले, खिडकीशी जाऊन उभी राहिले. समोरचं शिंप्याचं दुकानसुद्धा दिसत नव्हतं.

दार वाजलं तेव्हा वाटलं, आला एकदाचा. उघडलं तर एक अनोळखी माणूस. कपडे ओलेचिंब, पायात काही नाही, घोट्यापर्यंत चिखल. आत येऊ का, असंही त्यानं विचारलं नाही. नुसता उभा राहिला.

आमच्या घरात सासूबाईंचा एक नियम होता, त्यांच्या सासूबाईंपासून चालत आलेला. परका दारात आला की आधी कोमट पाण्यानं त्याचे पाय धुवायचे, मग जेवायला वाढायचं. नावगाव विचारायचं नाही, आणि तो आपणहून उठेपर्यंत त्याला जा म्हणायचं नाही. प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले, मग आपल्याला कसली लाज, असं त्या म्हणायच्या. त्यांच्या लेखी परका म्हणजे साक्षात प्रभू. माझ्या लेखी परका म्हणजे घासायला आणखी चार भांडी. पण घरात चालायचं त्यांचंच.

मी परातीत पाणी ओतलं. त्यानं पाय ठेवले आणि पाणी गार पडलं. हळूहळू नाही, एकदम. ते ओतून दुसरं आणलं, तेही तसंच. बंद तळघराचा असतो तसा वास येत होता. चिखल निघाला, पण खालचे पाय इतके पांढरे होते की मी टॉवेल सासूबाईंच्या हातात दिला आणि सूप आणायला पळाले.

तो खूप सावकाश जेवत होता. मला मात्र एका जागी बसवत नव्हतं. टेबल ते खिडकी, खिडकी ते दार, अशा माझ्या येरझाऱ्या चालल्या होत्या.

"त्यांची वाट बघू नका," तो म्हणाला. आजाऱ्याच्या उशाशी बोलावं तसा आवाज. "ते आमच्याकडे आहेत."

"आमच्याकडे म्हणजे... कुठे?"

"घरी. धुक्यात वाट चुकले. माझी बायको आत्ता त्यांचे पाय धुतेय." त्यानं वाडगा माझ्यापुढे सरकवला. "मला इथं जसं ठेवाल, तसं त्यांना तिथं ठेवतील. मी उठलो की ते उठतील. अजून थोडं वाढता का?"

स्वयंपाकघरात जाऊन मी सासूबाईंना सगळं सांगितलं, आणि म्हटलं, आत्ताच्या आत्ता मी याला हाताला धरून बाहेर काढते. त्यांनी माझं मनगट घट्ट पकडलं.

"इथं याला ढकललंस, तर तिथं माझ्या पोराला ढकलतील," त्या कुजबुजल्या. "या असल्या धुक्यात... वाढ त्याला."

मी वाढलं. पाव दिला, अंडी दिली, नवऱ्याचा लोकरी स्वेटर दिला, खुर्ची शेगडीजवळ ओढून दिली. पण जितकं करावं तितका तो अधिकच ऐसपैस बसत होता. असं असेल तर तिकडे माझा माणूसही ऐसपैस बसला असणार. चांगलं ठेवलं तर तो परत येणार नाही, वाईट ठेवलं तर वाटेत मरेल. इकडे आड, तिकडे विहीर. मनातून मी त्या माणसाला शिव्या घालत होते आणि तोंडानं म्हणत होते, घ्या ना, संकोच करू नका.

उजेड कमी व्हायला लागला तसा माझा धीर सुटला. मी त्याच्यासमोर बसले आणि रडले. कितीतरी वेळानं डोळे पुसून त्याच्याकडे पाहिलं. तोही दमलेलाच दिसत होता. पहिल्यांदाच मला त्याची कीव आली.

"बसा हवं तेवढं," मी म्हटलं. "पण तुमची बायकोही खिडकीशी येरझाऱ्या घालत असेल हो."

त्याचा घास हातातच राहिला. "ती वाट बघत असेल, हे मी विसरलोच होतो," तो म्हणाला, आणि उठला.

त्याच्यामागे दार लोटलं, आणि पातेलं उतरवून होतंय न होतंय तोच नवरा दारात. गाडी नव्हती. केस विंचरलेले, पाय स्वच्छ धुतलेले. मी त्याला मिठी मारली तर अंगाला तोच तळघराचा वास. जेवण नको म्हणाला.

"फार चांगली माणसं गं," तो म्हणाला. "पण गर्दी फार. मी म्हटलं, आमच्या घरात परक्याला कुणी नाही म्हणत नाही. सगळे या, एकेक करून."

तेव्हापासून दर धुक्याला ते येतात. सासूबाई गेल्या, आता पाय मीच धुते. एक आत आला की गल्लीतलं कुणीतरी वाट चुकतं, हे लक्षात आलंय. मी मनापासून जेवू घालते, मग हळूच विचारते, घरी कुणी वाट बघत असेल ना? उठतात बिचारे. आजवर सगळे उठले.

परवाच्या धुक्यात एक बाई आली. तिलाही मी तेच विचारलं. ती छान हसली.

"माझं कुणीच नाही," ती म्हणाली. "म्हणून तर आले."

शिंप्याची धाकटी मुलगी परवापासून बेपत्ता आहे. तिची आई रोज आमच्याकडे प्रार्थनेला येऊन बसते. आज मी तिला चहा दिला, तिचा हात हातात घेतला आणि म्हटलं, जिथं असेल तिथं कुणीतरी तिला प्रेमानं ठेवलं असेल. ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होती, आणि आतल्या खोलीतून ती बाई आणखी एक उशी मागत होती.