रिकामा रकाना

तिने त्याला पहिल्यांदा पाहिलं ते साहेबांच्या केबिनमध्ये, आणि तेही दोघं मिळून बोलणी खाताना!

घरोघरच्या पाहणीचा प्रत्येक फॉर्म तिथे दोनदा टाइप व्हायचा. एकदा तिच्या मजल्यावर, एकदा वरच्या. दोन्ही जुळले तर फॉर्म स्क्रीनवर हिरवा दिसायचा, नाहीतर लाल. जोडीदार कोण, हे कुणालाच सांगत नसत. बोलणं झालं तर चुकाही जुळायच्या! तर हा होता तिचा जोडीदार... विस्कटलेले केस, शर्टाचं एक बटण गायब, आणि डोळे इतके मिश्कील, की नोकरीवर बेतलेलं असतानाही तिला हसू फुटायला लागलं.

"बायकांच्या फॉर्ममध्ये कामाचा रकाना रिकामा असेल, तर 'काही करत नाही' असं भरा म्हणून बजावलं होतं," साहेब कडाडले. "फक्त तुम्ही दोघांनी तो तसाच सोडला. संगनमत आहे तुमचं!"

"आम्ही आजच भेटतोय," ती म्हणाली. "आणि माझी आई दिवसभर राबते. तीही हा रकाना रिकामाच ठेवेल. म्हणून ती काही करत नाही, असं मी लिहिणार नाही."

"इनपुट म्हणजे सांगितलेलं आत टाकायचं. डोकं चालवायचं नाही!"

"मग मीटिंगमध्ये 'सगळ्यांचं इनपुट हवंय' म्हणता," त्याने साळसूदपणे विचारलं, "तेव्हा काय टाकायचं असतं?"

साहेब लालबुंद झाले. "ऑफिस सुटायच्या आत सगळं बदला. नाहीतर उद्यापासून येऊ नका."

जिन्यात ती थांबली. घर तिच्याच पगारावर चालत होतं.

"तुम्ही का सोडलात रिकामा?"

"खोटं लिहवेना. वाटलं, खालचा माणूस भरेल, मग जुळणार नाही. पण रोज जुळत गेलं... आणि मला रोज कामावर यावंसं वाटायला लागलं."

"चेहरा न बघताच?"

"आज बघितला. आता तर पंचाईतच झाली!"

ती लाजली, चिडली, आणि खाली गेली. खुर्चीत बसून तिने फॉर्म उघडले. त्याने बदललं, तर फॉर्म लाल होणार... तिने एकही रकाना भरला नाही. ऑफिस सुटेपर्यंत सगळे हिरवेच राहिले.

पर्स उचलून ती बाहेर आली. जिन्यात तो डबा घेऊन उभा होता.

"नोकरी गेली," तो म्हणाला.

"दुसरी शोधू. दोघं मिळून."

"आपण बोलायचं नाही, असा नियम आहे ना?"

"असू दे." तिने त्याचा हात घट्ट धरला, आणि साहेबांच्या काचेच्या केबिनसमोरून दोघं मुद्दाम सावकाश चालत गेली.