मानांग मेनिंगची ड्राइव्ह

१४ नोव्हेंबर, मंगळवार. इलोइलो. सकाळपासून आभाळ दाटलेलं, वारा अजिबात नाही.

जहाजांवर खलाशी पाठवणाऱ्या कचेरीतून दुपारी संगणक दुरुस्तीसाठी बोलावणं आलं. तक्रार नेहमीची होती. कुठलीही फाइल जोडायला गेलं की फाइल निवडायची खिडकी पांढरी होऊन थिजायची. अर्नेल नावाचा तरुण खलाशी बॅग मांडीवर घेऊन बाकावर बसला होता. त्याचे कागद पाचच्या आत गेले नाहीत, तर जहाजावरची त्याची जागा दुसऱ्याला मिळणार होती.

"नोंग, सकाळपासून जपमाळ ओढतेय," कारकून जेनलिन मला म्हणाली; नोंग म्हणजे दादा. "देव ऐकेल एक वेळ, ही खिडकी नाही ऐकत."

कारण लवकर सापडलं. क्यू नावाची नेटवर्क ड्राइव्ह, तिच्यावर लाल फुली, म्हणजे जोडणी तुटलेली. खिडकी उघडताना संगणक आधी तिला हाक मारतो आणि उत्तराची वाट पाहत बसतो. ती ड्राइव्ह होती कोपऱ्यात बसणाऱ्या मानांग, म्हणजे थोरल्या ताई, मेनिंगच्या संगणकात. मानांग गेल्या महिन्यात वारल्या. चाळीस दिवस जीव घुटमळतो, म्हणून त्यांच्या टेबलावर रोज कॉफी ठेवतात आणि तिथल्या कशालाही कुणी हात लावत नाही.

"या ड्राइव्हमध्ये काय असायचं?" मी विचारलं.

"समुद्रावर मेलेल्यांचे कागद. शव घरी आणायचं काम मानांगच बघायच्या." जेनलिननं आवाज खाली आणला. "चाळीस व्हायला पाचच दिवस राहिलेत, नोंग. थांबता नाही येणार?"

"मी थांबतो की," अर्नेल बाकावरून म्हणाला. "जहाजाला विचारा, ते थांबतंय का."

"माफ करा, मानांग," असं पुटपुटून मी क्यूची जोडणी काढून टाकली. खिडकी पटकन उघडली. जेनलिन हसली. तिनं अर्नेलची फाइल निवडली, आणि खिडकी पुन्हा पांढरी झाली.

क्यू परत आली होती. लाल फुली नव्हती.

मी कोपऱ्यात गेलो. मानांगच्या संगणकाचा प्लग जमिनीवर पडला होता, त्यावर धूळ. नेटवर्कची वायरही सुटी. मेणबत्ती नुकतीच विझल्यासारखा वास येत होता. कुणाच्याच टेबलावर मेणबत्ती नव्हती.

जागेवर येऊन क्यू उघडली. कुठल्या संगणकात जुनी प्रत साठली असेल म्हणून तेही तपासलं. नव्हती. आत माणसांच्या नावांचे फोल्डर होते. शेवटच्या फोल्डरवर आजची तारीख, आणि नाव अर्नेलचं. त्यात एकच कागद. शव ताब्यात मिळाल्याची पोच. खाली एका बाईचं नाव, सहीची जागा कोरी.

"माझ्या बायकोचं नाव आहे ते…" अर्नेल माझ्या मागे कधी येऊन उभा राहिला, कळलं नाही.

जेनलिननं माझी बाही धरली.

"नको पाठवू, नोंग…"

अर्नेलनं बॅग खांद्याला लावली.

"सातवा महिना चालू आहे तिला," तो म्हणाला. "पाठवा."

क्यू पुन्हा तोडली. या वेळी ती परत आली नाही. कागद पाचला दहा कमी असताना गेले. अर्नेल संध्याकाळच्या विमानानं मनिलाला गेला. खिडकी आता लगेच उघडते.