खुब्यातली कुजबुज

पडद्यावरची रेषा आजही खाली यायला तयार नव्हती. मिरजेच्या अस्थिसंशोधन केंद्रात डॉ. नीरजा खराडे त्या रेषेकडे डोळे वटारून बघत होती, जणू दटावलं की ती ऐकेल. रेषेचा अर्थ सरळ होता. घोरपडेबाईंच्या खुब्यात जंतू अजून बोलत होते.

सुलक्षणा घोरपडे म्हणजे मुलींना मल्लखांब शिकवणाऱ्या बाई. त्यांच्या कृत्रिम खुब्याला जंतुसंसर्ग झाला, तेव्हा नीरजाने तो धातूचा सांधा काढून तिथे औषध भरलेला 'पाहुणा सांधा' बसवला. जंतू मरेपर्यंत त्याने राहायचं, मग कायमच्या सांध्याला जागा करून द्यायची. पण रेषा काही हटेना. शेवटी डॉक्टरांच्या मंडळाने ठरवलं: परवा पाहुणा काढायचा आणि जागा रिकामीच ठेवायची. पाय आखूड होणार आणि कुबड्या जन्माच्या. त्या निर्णयावर सही केल्यापासून नीरजाला अन्न गोड लागलं नव्हतं.

"मुजावर, पहिल्यापासून मांडू या," ती जंतुशास्त्रज्ञ डॉ. इलाही मुजावरांना म्हणाली. "एखाद्या ढ माणसाला सांगताय असं समजा."

"समजायला अवघड नाही," मुजावर गालात हसले. "जंतू सुटे असले की औषधाने मरतात. पण ते संदेशरस सोडत असतात. रस दाट झाला की त्यांना कळतं, आपण पुष्कळ जमलोय. मग चिकट गढी बांधून आत बसतात. गढीत औषध शिरत नाही."

"म्हणून पाहुणा त्यांच्याच भाषेत बोलतो."

"हां. संदेशरस जाणवला की तोही रस सोडतो, 'पांगा रे, इथं राम राहिला नाही.' जंतू बाहेर पडतात आणि आयते औषधाच्या तोंडी जातात. काही जाणवलं नाही तर पाहुणा गप्प, आणि त्याचं बोलणं दाखवणारी रेषा तळाला."

"आणि स्वतःच्याच रसाने तो फसत नाही?"

"बोलून झालं की तो रस विरेपर्यंत ऐकणं बंद ठेवतो. गोळ्याला तेवढं शहाणपण दिलंय."

"गोळ्याला," नीरजा पुटपुटली.

मूळ रचनेत पाहुणा म्हणजे मांडीच्या हाडाच्या टोकाला बसवलेला नुसता गोळाच होता. पण इथल्या रोग्यांना मांडी घालू नका म्हटलं, की ते मान डोलवायचे आणि घरी जाऊन पंगतीला बसायचे. खुर्चीत बसून जेवलेलं अंगी लागत नाही, यावर तालुक्याचं एकमत होतं. त्याने गोळा कमरेच्या हाडावर घासायचा. म्हणून नीरजाने तो ज्यात फिरेल अशी जोडीची वाटी बनवली, आणि वाटीमागे जंतू दडू नयेत म्हणून तिलाही बोलायला शिकवलं. त्याबद्दल तिचा शाल-श्रीफळ देऊन सत्कारही झाला होता.

"बाईंना ताप नाही, जखम कोरडी आहे," ती सावकाश म्हणाली. "सुईने काढलेल्या पाण्यात एकदाही जंतू उगवले नाहीत."

"गढीतले उगवत नाहीत कधीकधी. म्हणून तर आपण रेषेवर विश्वास ठेवतो."

"वाटी दिवसभर गप्प करू या."

मुजावरांचं हसू मावळलं. "तिच्यामागे जंतू असले तर दिवसात नवी गढी उभी राहील. हाडात शिरले तर पायच जाईल, डॉक्टर."

"ते मी बाईंना विचारते."

घोरपडेबाई वॉर्डात सतरंजीवर ऐसपैस मांडी घालून जेवत होत्या. "या, बसा की. तोंड का असं उतरलंय ओ?"

नीरजाने काहीही न लपवता सगळा धोका सांगितला. बाईंचा घास हातातच राहिला. त्या घाबरल्या, आणि तसं म्हणाल्याही. मग पाणी प्यायल्या.

"पोरींना मी रोज सांगते, हात सोडल्याबिगर पुढची पकड मिळत न्हाई. आता माझ्यावर आलं म्हणून कच खाऊ व्हय? करा गप्प."

दुसऱ्या दिवशी सकाळी वाटी बंद केली. रेषा थोडी उतरली, घुटमळली आणि थेट तळाला गेली. संध्याकाळपर्यंत ती तिथेच होती.

"यंत्र बिघडलं," मुजावर म्हणाले. त्यांनी दोनदा तपासलं. यंत्र ठणठणीत होतं, गोळाही जागा होता. "हा ऐकतोय. पण बोलत का नाही?"

"बोलायला समोर कुणी नाही!" नीरजाचा आवाज चिरकला. "जंतू केव्हाच मेलेत. गोळा वाटीला जंतू समजत होता आणि वाटी गोळ्याला. आपण त्यांचं भांडण ऐकत बसलो होतो!"

 आपल्याच वाटीपायी एका बाईचा सांधा जाणार होता, या विचाराने नीरजाला शरम वाटली. पण आनंद त्याहून मोठा होता. ती वॉर्डाकडे जवळजवळ धावतच सुटली.

ऐकून घोरपडेबाईंनी कपाळावर हात मारला. "म्हंजी दोघंबी दुसऱ्यालाच सांगायलेत, घर सोड म्हणून! आणि हलतंय कोण?" त्या खो खो हसल्या आणि हसता हसता रडू लागल्या. नीरजाने त्यांचा हात धरला.

"मग उद्याचं ऑपरेशन रद्द म्हणायचं?" डोळे पुसत त्यांनी विचारलं.

"छे! वेळसुद्धा तीच. पाहुणा उद्याच काढायचा," नीरजा म्हणाली, "फक्त आता त्याच्या जागी कायमचा बसवायचाय."