ओमतीतले लाल ठिपके

"माझ्या घरावर एवढ्या चोऱ्या काहून टाकल्या तुम्ही?"

मी दचकून मान वर केली. सिविल लाइन्समधल्या आमच्या न्यूज पोर्टलच्या ऑफिसात, माझ्या टेबलापुढे एक उंच मुलगा मोबाइल नाचवत उभा होता. स्क्रीनवर माझाच नकाशा होता — शहरातल्या चोऱ्यांचा. आणि एकाच छपरावर लाल ठिपक्यांची ही एवढी गर्दी!

"भैया, बसा तर—"

"बसू कसा? नागपूरचे सोयरे पसंती कळवणार होते. हा नकाशा पाहिला अन् म्हणतात, चोरांच्या अड्ड्यात पोरगी देत नाही!"

मी नकाशा मोठा करून पाहिला. बहुतेक बातम्यांत पत्ता म्हणून नुसतं 'ओमती' एवढं मोहल्ल्याचं नाव होतं, आणि कॉम्प्युटरने त्या साऱ्या चोऱ्या ओमतीच्या मधोमध नेऊन ठेवल्या होत्या. मधोमध म्हणजे या मुलाच्या, अश्वजीतच्या, घरावर! मी न तपासता तसंच छापलं होतं.

नकाशा मी त्याच्यासमोरच उतरवला. नव्यासाठी खऱ्या जागा हव्या होत्या. "चलो, मी दाखवतो," तो म्हणाला. मग फॅक्टरीची ड्यूटी सुटली की तो रोज येऊन मला ओमतीच्या गल्ल्यांतून फिरवू लागला; मी मोबाइलवर जागा टिपायची. पावसाची भुरभुर लागली की स्वतःचा रुमाल माझ्या मोबाइलवर धरायचा.

"तुम्ही भिजताय ना..."

"मी वाळतो. मोबाइल नाही वाळत, प्रणोतीजी."

अशा माणसाचं काय करायचं! मी त्याच्या प्रेमात पडले, आणि त्याचं मोडलेलं लग्न जुळवायचंही मलाच होतं. नागपूरला फोन करून माफी मागायचं मी कबूल केलं होतं. नंबर मागितला की तो म्हणायचा, "उद्या देतो... घाई काय?"

नवा नकाशा पोर्टलवर लागला त्या दिवशी मात्र मी हट्टाने नंबर घेतला. मुलीच्या बाबांनी फोन उचलला.

"जय भीम, काका. चूक माझी होती. मुलगा फार चांगला आहे..."

"अवो बाई, ते त्यानं कवाच समजावलं. आमी 'हो' बी म्हटलं. त्यानंच नाही म्हणून कळवलं!"

मी फोन ठेवला. अश्वजीत समोरच उभा होता, कान लाल झालेले.

"काहून नाही म्हटलं?" त्याचीच बोली माझ्या तोंडून निघाली.

"तिकडे नाही म्हटल्याबिगर तुम्हाला कसं विचारणार होतो? मला तुम्ही आवडता... अन् गल्ल्या तर कधीच्याच संपल्या होत्या. सराफ्यामागच्या एकाच गल्लीत फिरवून राहिलो होतो तुम्हाला."

"माहीत आहे."

"अं?"

मी मोबाइल त्याच्यापुढे धरला. आमचं सारं फिरणं तिथे निळ्या रेघेत उमटलं होतं — त्याच गल्लीत पुन्हा पुन्हा गिरवलेलं. नकाशे काढणाऱ्या बाईला हे दिसणार नाही, असं त्याला वाटलंच कसं?

अश्वजीतने त्या रेघेवरून बोट फिरवलं. "मग बोलल्या काहून नाही?"

"बोलले असते, तर दुसऱ्या दिवशी तुम्ही आला असता का?"