कमलिनीबाईंचं दुखणं

"आई, रहने दो ना! तुम्ही नका हात लावू त्या पुरणाला!"

रमाने असं म्हटलं आणि सासूच्या हातातली परात ओढूनच घेतली. महालक्ष्म्यांच्या जेवणाचा दिवस. भिलाईच्या स्मृती नगरातल्या त्या नव्या घरात शेजारच्या सवाष्णी पोळ्या लाटायला आलेल्या, सोळा भाज्या चिरून झालेल्या, आंबील शिजत आलेली... आणि एवढ्या जणींसमोर सुनेचे ते शब्द!

"म्हणजे, सोवळ्याचा स्वयंपाक आहे ना. आणि तुमच्या अंगाला..." रमाने वाक्य पुरं केलं नाही. पुरं करायची गरजही नव्हती, कारण पदर आधीच नाकाशी गेला होता.

एका सवाष्णीने मान खाली घातली, दुसरी उगाच लाटण्यावर जोर देऊ लागली. कमलिनीबाई नुसत्या "बरं" म्हणाल्या, पीठ लागलेले हात पदराला न पुसता तसेच घेऊन मागच्या पडवीत गेल्या आणि भिंतीकडे तोंड करून बसल्या. लज्जेने त्यांचे कान तापले होते. डोळ्यांत मात्र पाणी नव्हतं. वर्षभरात ते वेळोवेळी इतकं वापरून झालं होतं की आता लवकर येत नसे.

पडवीला लागूनच एक खोली होती. तिचं दार लोटलेलं होतं. आत देवराव होते, जागे होते आणि त्यांना सगळं ऐकू गेलं होतं... पण दार काही उघडलं नाही!

रमा काही दुष्ट नव्हती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर तुम्ही उगाच तिच्यावर दात धरून बसाल. मनाने चांगली, कामाला वाघीण, फक्त स्वच्छतेचं वेड जरा जास्त. आणि तिने जे पाहिलं होतं त्यावरून तिने जे ठरवलं, ते तुम्हीआम्हीही ठरवलं असतं. सासूचं नागपुरात 'पिशवीचं ऑपरेशन' झालं, तेव्हापासून सासूला लघवी धरवत नाही, मागच्या दोरीवर रोज फडक्यांची रांग वाळत असते. एवढंच तिला ठाऊक होतं. आणि हे सारं तिला सांगणाऱ्या खुद्द कमलिनीबाईच होत्या!

खरं काय झालं होतं? झालं होतं ते देवरावांना. भिलाईच्या पोलाद प्लांटमधल्या भट्टीवर ज्यांची हाक मशीनच्या आवाजावर ऐकू जायची, ज्यांच्या मिशीला पोरंटोरं भ्यायची, त्या देवराव फोरमनला! रिटायर होऊन जेमतेम वर्ष झालं आणि लघवी अडली. नागपूरच्या डॉक्टरांनी तपासलं, प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. "या गाठीला पुरुषाच्या अंगातल्या रसाचं खाद्य मिळतं," डॉक्टर म्हणाले, "ते तोडावं लागेल." आणि त्यांनी दोन्ही अंडकोष काढावे लागतील, हे अगदी साध्या आवाजात सांगितलं. देवरावांचं ऑपरेशन झालं. जीव वाचला. पण अडलेली वाट मोकळी करताना लघवीवरचा ताबा गेला, तो परत आला नाही.

वॉर्डातल्या खाटेवर पडल्यापडल्या त्यांनी बायकोचं मनगट धरलं होतं.

"कोनाले सांगू नको. विजूले नाही, सुनेले तर नाहीच नाही."

"अन् मंग काय सांगू जी? महिनाभर दवाखान्यात काय करून राहिलो होतो म्हनून?"

त्यांनी तोंड फिरवलं. मग भिंतीकडे बघत म्हणाले, "सांग... तुयी पिशवी काढली म्हनून. तुले माया गळ्याची शप्पथ आहे."

बाईची पिशवी काढली म्हटलं की कोणी पुढचं विचारत नाही! कमलिनीबाईंनी शपथ घेतली. नवरा जगला हेच त्यांना पुष्कळ होतं. त्यापुढे आपली अब्रू ती काय! पण अब्रू एका दिवसात जात नाही, रोज थोडी थोडी जाते, हे त्यांना तेव्हा कुठे ठाऊक होतं? आधी त्यांचं ताट वेगळं झालं. मग नातवाला मांडीवर घ्यायची वेळ आली की रमा "राहू द्या, त्याला झोप आली आहे" म्हणू लागली. मग हळदीकुंकवाची बोलावणी बंद झाली. आणि देवराव? ते त्या खोलीत बसून राहिले. डॉक्टरांनी बोलावलेल्या तपासण्यांना जाईनात. भिलाईच्या दवाखान्यात जावं तर पावलोपावली प्लांटमधलं कोणी भेटणार, 'काय झालं फोरमनसाहेब?' विचारणार! त्यापेक्षा मेलेलं बरं, असं त्यांनी एकदा बोलूनही दाखवलं.

अशात एकदा पावर हाउस भागातल्या बाजारात कमलिनीबाई मऊ सुती कापड आणि मेणकापड घेत होत्या. शेजारी एक काळीसावळी, धिप्पाड बाई उभी होती. तिने त्या मेणकापडाकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "मालकासाठी घेऊन राहिल्या का बाई?"

"न्... नाही. मायासाठी. माया पिशवीचं ऑपरेशन..."

ती बाई गालातल्या गालात हसली. "मी बी असंच सांगत होती. वरीसभर सांगतलं. पन आपल्या दुखन्याले एवढं मोठं मेणकापड लागत नाही ना बाई!"

कमलिनीबाईंना त्या भर बाजारात हुंदका फुटला! जगात आपल्यासारखी खोटं बोलणारी दुसरी एक आहे, या एवढ्याशा गोष्टीने त्यांच्या अंतःकरणावरचं ओझं हललं. त्या बाईने त्यांना हाताला धरून दुकानाच्या पायरीवर बसवलं. तिचं नाव हिरा. तिचे मालक पंजाबराव, रेल्वेतले रिटायर गार्ड. कॅम्प-एक वस्तीतल्या बुद्धविहाराच्या ओसरीत दर रविवारी याच दुखण्याची माणसं जमत. "पहिले दोघं-तिघंच होते जी. डॉक्टरसायबानंच एकमेकाले भेटवलं. आता ओसरी पुरत नाही. घेऊन या त्याईले."

देवराव आधी भडकले. मग विचारात पडले. कॅम्प-एकच्या विहारात आपल्यातलं कोण भेटणार, असा हिशेब त्यांनी केला. हिशेब काही फार शोभेसा नव्हता, पण त्याच्याच जोरावर ते उठले हे खरं.

ओसरीत सतरंजीवर म्हातारे बसलेले. कोणाच्या बुडाखाली उशी, कोणाच्या धोतराआडून नळी आलेली. देवराव टोकाला, पाय आखडून, जमिनीकडे बघत बसले. बायका जरा पलीकडे खांबाशी होत्या. रोलिंग मिलमधला ओमप्रकाश सरकत देवरावांजवळ आला.

"भाई साहब, शरमाना कैसा? भट्टी पुरानी होती है तो कॅपिटल रिपेअर होता है कि नहीं? बस, हमारा भी हो गया!"

भट्टी थंड करून तिच्या आतल्या विटा नव्याने बसवायच्या, याला प्लांटमध्ये कॅपिटल रिपेअर म्हणतात. देवरावांनी आपल्या उमेदीत कितीदा तरी ते उभं राहून करून घेतलं होतं. त्यांची मिशी हलली.

"वो तो ठीक है," ते खाली मान घालूनच म्हणाले, "मगर टॅपिंग होल लीक कर रहा है, उसका क्या?"

ओसरी खदखदून हसली! लोखंड सोडायच्या त्या भोकाची डोकेदुखी भट्टीवाल्यांना सांगावी लागत नाही. देवराव हसले... वर्षात पहिल्यांदा हसले, आणि हसता हसता असे रडले की पंजाबरावांनी उठून त्यांचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं. "रडा जी. इथं सारेच रडले आहेत. उद्या तपासनीले सारे संगं जाऊ. एकटा मानूस दवाखान्याच्या दारातून वापस येते. घोळक्यानं गेलं की नाही येत."

तेवढ्यात ओसरीच्या पायऱ्या चढून, काखेत उशी घेऊन आणखी एक जण आला आणि जागच्या जागी थिजला. भय्याजी! रमाचे वडील, देवरावांचे सख्खे व्याही!

"व्याहीबुवा... तुमी?"

"भय्याजी, तुमी?"

"मी घरी भजनाले जातो म्हनून सांगतो," भय्याजी कसेबसे म्हणाले. मग दोघं एकमेकांचे हात धरून बसले आणि रमाला काही कळू द्यायचं नाही, असं ठरवून मोकळे झाले.

मोकळे झाले! कमलिनीबाईंच्या मनाला तेवढंच डाचत राहिलं. तिकडे ओसरीत देवराव दर रविवारी माणसांत यायचे, तपासणीला जायचे, नव्या आलेल्यांना धीर द्यायचे. घराचं फाटक आलं की आवाज मरायचा. रविवारी कुठे जाता, असं रमाने विचारलं तर म्हणायचे, "हिच्या औषधाले. कॅम्पात वैद्य आहे एक." हिरा दर वेळी विचारायची, "सांगतलं का त्याईनं घरी?" आणि कमलिनीबाई मान हलवायच्या. नवऱ्याचा राग येत नव्हता. आपण अजून त्याच्या सांगण्याची वाट बघतो आहोत, याचीच त्यांना शरम वाटे.

आणि आज हा पुरणाचा प्रसंग.

दुपारी पंगत बसली. पुरणाच्या दिव्यांची आरती झाली, पुरुषांची पानं वाढली गेली. देवराव, मुलगा विजयकुमार, पलीकडे भय्याजी. भय्याजींनी इकडेतिकडे पाहिलं.

"विहीनबाई दिसून नाही राहिल्या?"

रमा वाकून हळूच म्हणाली, "त्यांना मागे बसवलंय बाबा. उनका वो कंट्रोल नहीं रहता ना. देवाच्या कार्यात कसं चालेल?"

दाराआड उभ्या कमलिनीबाईंना ते शब्द स्पष्ट ऐकू आले. भय्याजींचा घास हातातच राहिला. त्यांनी देवरावांकडे पाहिलं. देवराव पानाकडे बघत होते. भय्याजींना सगळं उमगलं, आणि ते भरल्या पानावरून उठले!

"बाबा! काय झालं?"

"मलेबी मागंच बसा लागन, रमे. जो वास तुले सासूच्या लुगड्याले येते, तो तुया बापाच्या धोतराले आहे."

"काय बोलताय तुम्ही?"

"मले कॅन्सर झाला व्हता बेटा. पेशाबच्या जागेचा. ऑपरेशन झालं. भजन-बिजन काही नाही, मी त्या बैठकीले जातो. तुले सांगतलं नाही. मले तुया तोंडावरचा हाच भाव पाहाचा नव्हता."

पंगतीतले हात थांबले. रमा पांढरीफटक पडली. आणि त्या क्षणी कमलिनीबाई, पतीचं नाव निघण्याआधी, शपथेला जागून धावत बाहेर आल्या.

"बसा भय्याजी, पानावरून उठू नका. तुमचं अलग, मायं अलग. माया तर पिशवीचं..."

"खोटं बोलून राहिली ते!"

तो आवाज भट्टीवरचा होता. कितीतरी दिवसांनी तो त्या घरात घुमला. देवराव उभे राहिले होते, मिशी थरथरत होती.

"पिशवी शाबूत आहे तिची. कॅन्सर मले झाला. माये दोन्ही काढले, समजलं का विजू? फडके माये, वास माया... अन् वरीसभर तोंड काळं झालं ते हिचं! मी दाराआड आयकत बसलो. आज सकाळीबी आयकत बसलो. एवढा मोठा फोरमन, अन् बायकोच्या पदराआड लपलो!"

विजयकुमार पानावरून उठला. रमा धावत येऊन सासूच्या पायांवर कोसळली. "आई, मला माफ करा! मी काय काय बोलले तुम्हाला... एवढ्या जणींसमोर... एकदा तरी म्हणायचं होतं ना, आई!"

खोटं कशाला सांगू? कमलिनीबाईंना तिला लगेच उचलावंसं वाटलं नाही. बाळाला दूर नेणारे हात त्यांना आठवले आणि त्या तशाच उभ्या राहिल्या. मग पायांवर तिचे गरम अश्रू पडू लागले, आणि इतके दिवस न आलेलं त्यांचं स्वतःचं पाणीही वाट फोडून आलं. त्यांनी वाकून रमाचा चेहरा दोन्ही हातांत घेतला.

"तुयी एकटीची चूक कावून म्हनू बेटा? लाज वाटाची गोष्ट आहे असं आमीच झाकून झाकून तुले शिकवलं. पयल्या दिवशी सांगतलं असतं, तर तूच सासऱ्याचे फडके धुतले असते. मले मालूम आहे."

रमाने त्यांच्या पदरात तोंड खुपसलं. भय्याजी भिंतीला टेकून धोतराच्या सोग्याने डोळे पुसत होते.

देवरावांनी आपलं उष्टं पान उचललं. जागा पुसली, नवं पान मांडलं. मग वर पाहून त्यांनी हाक मारली.

"कमलिनी!"

लग्नाला तीस वर्षं उलटून गेली होती. "अवो" आणि "विजूची आई" याखेरीज त्यांनी चारचौघांत कधी हाक मारली नव्हती. सवाष्णी स्वयंपाकघराच्या दारात गोळा झाल्या होत्या, त्यांनीही ती ऐकली.

"इथं बस. मी वाढतो."

कमलिनीबाई संकोचाने अर्ध्या होऊन पाटावर बसल्या. देवरावांनी पुरणपोळीचं ताट उचललं. कधी न केलेलं काम. पोळी वाढली, तूप वाढलं, थोडं बाहेर सांडलं. आणि ते आंबील आणायला वळले, तेव्हा त्यांच्या धोतरावर मागे ओलं उमटलेलं सगळ्यांनाच दिसलं.

कमलिनीबाईंना सवय होती. त्या पाटावरून अर्धवट उठल्या, पदर पुढे झाला, त्यांच्या मागे उभं राहून झाकायला...

देवराव थांबले. त्यांना कळलं होतं. सगळ्यांना दिसतं आहे, हेही कळलं होतं. लाजेने त्यांचा चेहरा काळवंडला. पण ते खोलीकडे गेले नाहीत.

"राहू दे, कमलिनी," ते म्हणाले. "तू जेव."

आणि ते तसेच आंबील आणायला आत गेले.