टोपड्यातला दिवा

त्या वर्षी पाळणाघरातल्या प्रत्येक मुलाच्या डोक्यावर टोपडं होतं आणि टोपड्याच्या काठाला मुगाच्या दाण्याएवढा दिवा. मेंदू जितकी साखर जाळेल तितका तो उजळायचा. बाकीच्या मुलांचे दिवे दुपारपर्यंत मंदावत. तीन वर्षांच्या शाल्मलीचा मात्र दिवसभर ढणढणत राही. तिचं वजन चार महिने अकरा किलोवर अडून बसलं होतं.

“तूप घालते, खजूर देते. जातं कुठे सगळं?” तिच्या आईनं, केतकीनं विचारलं.

“डोक्यात,” पाळणाघराच्या डॉक्टर निमकर म्हणाल्या. “या वयात निम्मं खाणं मेंदूच फस्त करतो. म्हणून तो काटकसरही शिकतो. पुढे काय होणार याचा अंदाज बांधून ठेवतो. तसंच घडलं तर त्यावर शक्ती घालवत नाही. चुकलं की दिवा पेटला. हिचा कुठला अंदाज सारखा चुकतोय ते शोधायचंय. सकाळी सोडताना काय म्हणता तिला?”

“‘येते हं.’ ‘जाते’ कसं म्हणणार?”

“आणि येता कधी?”

केतकीनं बोटांवर मोजत सांगितलं. कधी दहाला खिडकीतून डोकावायचं, कधी अकराला रुमाल द्यायच्या निमित्तानं, कधी साडेबाराला उगाचच. पोरगी नीट आहे ना, एवढंच बघायला.

“म्हणजे तुमची वाट बघण्यातच जेवण संपतंय बिचारीचं,” डॉक्टर हसल्या. “पाचला या, आईसाहेब. फक्त पाचला.”

महिनाभर केतकीनं नखं कुरतडली, पण पाचच्या आत फाटकाशी फिरकली नाही. शाल्मलीचं वजन सहाशे ग्रॅमनी वाढलं. दिवा शांत झाला.

मग एका संध्याकाळी केतकीच्या लक्षात आलं. ती आत आली, शाल्मली धावत येऊन पायांना बिलगली, “आई, खाऊ,” म्हणाली, आणि दिवा लुकलुकलासुद्धा नाही. मागून मांजर गेलं, तेव्हा मात्र केवढा उजळला.

“मला बघून काहीच नाही?”

“खात्री पटली तिला तुमची. आणि ज्याची खात्री, त्याच्याकडे मेंदू पुन्हा बघत नाही.” डॉक्टर मांजर गेलं त्या दिशेनं बघत म्हणाल्या, “माझी आई रोज कशी दिसायची, मला सांगता येत नाही हो. आमच्याकडची मांजरं आठवतात सगळी.”

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाशी केतकीच्या अगदी जिभेवर आलं, ‘जाते.’ एकच शब्द, आणि दिवा पेटला असता. लेकीनं मान वळवून डोळे भरून पाहिलं असतं.

“येते हं, शालू.”

“हं,” शाल्मली म्हणाली, आणि मागे न बघता आत पळाली.